कवठेमहांकाळचं लॉगिन रोज का बंद पडायचं?

सांगली जिल्ह्यातली एक नागरी सहकारी पतसंस्था. मुख्य कार्यालय सांगलीत, शाखा तासगाव, विटा, मिरज, पलूस, कडेगाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ अशा. नाव देत नाही, कारण चूक संस्थेची नव्हती, आणि ज्या सॉफ्टवेअर पुरवठादाराची होती त्याच्याशी संस्थेचं काम अजून चालू आहे. मी या प्रकरणात उशिरा शिरलो, डेटाबेस बघणारा माणूस हवा होता म्हणून. तोवर सगळ्यांचे आपापले निष्कर्ष काढून झाले होते.

तक्रार साधी होती. ३१ मार्च उलटला, लेखापरीक्षण सुरू झालं आणि कवठेमहांकाळ शाखेचं वसुलीचं लॉगिन बंद पडायला लागलं. संध्याकाळपर्यंत नीट चालायचं, सकाळी संगणक सुरू केला की ‘पासवर्ड चुकीचा’. शाखेतून सांगलीला फोन जायचा, संगणक विभागातल्या मॅडम पासवर्ड नव्याने लावून द्यायच्या, वसुली सुरू व्हायची. दुपारी लेखापरीक्षकांचा माणूस म्हणायचा, “मॅडम, कवठेमहांकाळचा डेटा उघडत नाही.” त्याचंही लॉगिन नव्याने लावलं जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शाखेचा फोन.

बाकी एकाही शाखेत हा त्रास नव्हता. शाखेतल्या वसुली अधिकाऱ्यांचा संशय ठाम होता: “ऑडिटवाले आमचा पासवर्ड बदलत्यात. दुसरं काय न्हाई.” लेखापरीक्षकांना वाटत होतं की शाखा काहीतरी दडवतेय. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या, म्हणजे थकबाकीच्या, दाखल्यांची वसुली, त्यात वर्षअखेर, म्हणजे अशा संशयाला जागा भरपूर. पुरवठादाराचा माणूस नेटवर्कला दोष देत होता. नेटवर्क ढासळलं तर पासवर्ड चुकीचा ठरत नाही, जोडणीच होत नाही. पण फोनवर हे ऐकून कोण घेतो.

जुनी व्यवस्था काय होती, हे आधी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वीपर्यंत संस्थेचा सगळा कारभार मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ५.६ आवृत्तीवर होता. प्रत्येक शाखेला डेटाबेसमध्ये तीन वापरकर्ते: काउंटरवरच्या नोंदीसाठी एक, वसुलीसाठी एक, आणि फक्त बघण्यासाठी, म्हणजे लेखापरीक्षक आणि अहवालांसाठी, एक. त्या आवृत्तीत वापरकर्त्याच्या नावाला १६ अक्षरांची मर्यादा होती. गावाचं नाव रोमन लिपीत लिहिलं की विटा चार अक्षरांत बसतं, जत तीन अक्षरांत, आणि कवठेमहांकाळला लागतात पंधरा. उरलं एक अक्षर. त्यात अधोरेषा (अंडरस्कोर) घालायची की भूमिका, म्हणजे वापरकर्त्याचं काम, लिहायची?

त्या वेळी ज्याने हे वापरकर्ते तयार केले त्याला मायएसक्यूएलने सरळ अडवलं. सोळाहून मोठं नाव दिलं की १४७० क्रमांकाची त्रुटी येते: नाव फार लांब आहे, इतक्या अक्षरांपेक्षा मोठं नको. वापरकर्ता तयारच होत नाही. मग त्याने गावाचं नाव ‘के महांकाळ’ असं आवळलं: ‘के’साठी एकच अक्षर धरून रोमनमध्ये नऊ अक्षरं, एक अधोरेषा, आणि पुढे ‘वसुली’ किंवा ‘वाचन’, दोन्ही रोमनमध्ये सहा-सहा अक्षरांचे. बरोबर सोळा. दिसायला ओबडधोबड, पण ते नाव वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं.

मायएसक्यूएलने ही मर्यादा २०१५ साली, ५.७.८ या आवृत्तीत, ३२ वर नेली. मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसने त्याच्या आधीच ८० अक्षरं दिली होती. ओरॅकलमध्ये १२.१ पर्यंत ३० बाइट आणि १२.२ पासून १२८ (बाइट हे साठवणुकीचं माप, रोमन अक्षराला एक लागतो). मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२८ अक्षरं. आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये, म्हणजे बोलण्यातल्या पोस्टग्रेसमध्ये, ६३ बाइट. तिथे नावासाठी कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदीत, ६४ बाइटची ठरीव जागा असते आणि शेवटचा बाइट समाप्तीच्या खुणेसाठी राखलेला असतो. २००२ च्या ७.३ आवृत्तीआधी ही जागा याच्या निम्मी, ३२ होती. वाढवायची असेल तर मूळ कोडमधला आकडा बदलून पोस्टग्रेस नव्याने बांधावं लागतं आणि डेटाबेसही नव्याने मांडावा लागतो. त्यामुळे तो खटाटोप जवळपास कोणी करत नाही.

संस्था नव्या सॉफ्टवेअरवर गेली तेव्हा डेटाबेस पोस्टग्रेस १५ झाला. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाला सोळाच्या जाचातून सुटका मिळाली आणि त्याने मोकळ्या हाताने नावं ठेवली: आधी संस्थेचं पूर्ण नाव, मग शाखेचं गाव, मग ‘शाखा’, मग भूमिका, मध्ये अधोरेषा. वाचणाऱ्याला एका नजरेत सगळं कळावं, हा हेतू. हेतूत खोट नाही. एकाच सर्व्हरवर अनेक संस्थांचे डेटाबेस ठेवायचा त्याचा विचार होता, म्हणून संस्थेचं नावही त्यात आलं.

आता मोजू या, कारण सगळं प्रकरण या मोजणीत आहे. संस्थेचं नाव रोमनमध्ये, मधल्या जागा काढून, ३८ अक्षरं. अधोरेषा धरून ३९. कवठेमहांकाळ १५, झाले ५४. अधोरेषा ५५. ‘शाखा’ सहा अक्षरं, ६१. अधोरेषा ६२. आता भूमिकेला उरली एकच जागा. ‘वाचन’चं रोमन पहिलं अक्षर व्ही. ‘वसुली’चंही व्ही.

कडेगावचं नाव रोमनमध्ये आठ अक्षरं, म्हणून तिथलं पूर्ण नाव ६१ बाइटवर थांबतं. तासगाव सात, आटपाडी सहा. पंधरा फक्त कवठेमहांकाळला, आणि म्हणून त्रासही फक्त तिथेच.

पोस्टग्रेस इथे मायएसक्यूएलसारखं अडवत नाही. ६३ बाइटच्या पुढचा भाग कापून टाकतं आणि काम पुढे रेटतं. जाता जाता एक सूचना देतं की अमुक नाव कापून तमुक केलं आहे. पण ती नुसती सूचना, त्रुटी नव्हे आणि इशाराही नव्हे. हे वापरकर्ते तयार करणाऱ्या पुरवठादाराच्या स्क्रिप्टच्या, म्हणजे आज्ञांच्या यादीच्या, पहिल्याच ओळीत इशाऱ्याहून खालच्या पातळीचे संदेश दाखवू नयेत, असं लिहिलेलं होतं. अशी ओळ बऱ्याच स्क्रिप्टमध्ये असते, कारण एरवी त्या सूचनांचा पाऊस पडतो.

स्क्रिप्टमध्ये आणखी एक गोष्ट होती. पोस्टग्रेस वापरकर्त्यालाच ‘भूमिका’ म्हणतं, आणि तिथे ‘ही भूमिका नसेल तरच तयार कर’ अशी थेट आज्ञा नाही. म्हणून लोक एक पळवाट वापरतात: भूमिका तयार करायला सांगायचं, आणि ‘आधीच आहे’ अशी त्रुटी आली तर ती गिळून पुढे जायचं. एरवी हे चालतं. स्क्रिप्ट दोनदा चालवली तरी बिघडत नाही.

कवठेमहांकाळला काय झालं ते बघा. आधी ‘वाचन’ भूमिका तयार झाली. नाव कापलं गेलं, शेवटी नुसता व्ही उरला. मग ‘वसुली’ तयार करायला सांगितलं. तेही कापून तेच नाव झालं. पोस्टग्रेस म्हणालं, आधीच आहे. स्क्रिप्टने ते गिळलं. मग परवानग्या द्यायची वेळ आली: ‘वाचन’ला फक्त बघण्याची, ‘वसुली’ला वसुली पावत्यांच्या तक्त्यात नोंद घालण्याची आणि बदलण्याची. दोन्ही आज्ञांमधलं नाव कापलं गेलं आणि दोन्ही परवानग्या एकाच भूमिकेच्या पदरात पडल्या.

‘नोंद’ भूमिकेचं नावही त्याच जागी कापलं गेलं होतं. तिथे शेवटी एन उरला, टक्कर झाली नाही, म्हणून ती कापलेल्या नावानिशी सुखाने चालत होती आणि आजवर कुणाला कळलं नव्हतं. अशा चुकांचं हेच वाईट असतं.

पासवर्डचं कोडं आता आपोआप सुटतं. भूमिका एक, पासवर्ड एक. नवं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशी वसुलीचं लॉगिन लागलं नव्हतं, कारण स्क्रिप्टने त्याचा पासवर्ड ठेवलाच नव्हता. तंत्रज्ञाने ‘टाइप करताना चुकला असेल’ म्हणून तो नव्याने ठेवला. त्या क्षणी ‘वाचन’चा पासवर्ड मेला; पण लेखापरीक्षण येईपर्यंत ते लॉगिन वापरणारं कोणी नव्हतं. लेखापरीक्षक आले आणि रस्सीखेच सुरू झाली. सकाळीच बंद पडायचं कारणही यातच आहे. एकदा जोडलेलं सत्र पासवर्ड बदलला तरी तुटत नाही. शाखेतला संगणक संध्याकाळी बंद व्हायचा आणि सकाळी नवी जोडणी मागायचा, तेव्हा आदल्या दुपारचा बदल आडवा यायचा.

तुम्ही विचाराल, लॉगिन करताना तर पूर्ण नाव दिलं जात होतं, मग जुळलं कसं? पोस्टग्रेस १५ जोडणीच्या वेळीही आलेलं नाव ६३ बाइटवर कापतं आणि मग शोधतं, म्हणून जुळलं. इथे एक गमतीचा पेच आहे. पासवर्ड साठवण्याची जुनी एमडी५ पद्धत असती तर पासवर्डचं सांकेतिक रूप (हॅश) करताना वापरकर्त्याचं नाव त्यात मिसळलं गेलं असतं: सर्व्हरवर कापलेलं, शाखेच्या संगणकावर पूर्ण. दोन्ही जुळलेच नसते आणि भानगड पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. पोस्टग्रेस १४ पासून आपोआप मिळणाऱ्या स्क्रॅम या नव्या पद्धतीत नाव तसं मिसळत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने स्क्रॅम कितीतरी बरी, यात वाद नाही. फक्त या एका चुकीवर तिने पांघरूण घातलं.

पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. मी सर्व्हरची नोंदवही (लॉग) उघडली तेव्हा ‘पासवर्ड जुळला नाही’ या प्रत्येक ओळीत वापरकर्त्याचं नाव शाखा, अधोरेषा, व्ही असं संपत होतं. मॅडमनी ते आधीच पाहिलं होतं. “मला वाटलं, लॉगमध्ये जागा पुरत नाही म्हणून तुटलंय,” त्या म्हणाल्या. कुणालाही तेच वाटलं असतं. पूर्ण ओळ इंग्रजीत, नाव हातभर लांब, आणि शेपटाकडे बघायचं काही कारण नाही.

खात्री करायला दोन प्रश्न विचारले. पहिला: ज्यांच्या नावाची लांबी बाइटमध्ये बरोबर ६३ आहे अशा भूमिका दाखव. दोन आल्या, दोन्ही कवठेमहांकाळच्या. तीन हव्या होत्या. दुसरा: ‘वाचन’ भूमिकेला वसुली पावत्यांचा तक्ता बदलायची परवानगी आहे का? उत्तर आलं, आहे. हा दुसरा प्रश्न मी पूर्ण नाव देऊन विचारला होता, आणि पोस्टग्रेसने तेही कापून उत्तर दिलं. म्हणजे परवानग्या तपासायला बसलेल्या माणसालाही नाव चुकल्याचं कळत नाही. त्याला वाटतं की ‘वाचन’ नावाची भूमिका आहे आणि तिला परवानगी जास्त दिली गेलीय.

हे ऐकल्यावर खोलीतला आवाज बदलला. तोवर विषय पासवर्डचा होता. आता प्रश्न असा झाला की लेखापरीक्षकांच्या हातात पावत्या बदलण्याची परवानगी होती, आणि डेटाबेसच्या नोंदवहीत वसुली अधिकारी आणि लेखापरीक्षक हे दोघे एकाच नावाने वावरत होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ प्रमाणे ज्याने हिशेब तपासायचे, तोच ते हिशेब बदलू शकतो, हे कुठल्याच अहवालात लिहिता येण्यासारखं नाही.

लेखापरीक्षकांनी तिथल्या तिथे लेखी मागितलं: आमच्या बाजूने काही बदल झाला का? हे उत्तर डेटाबेस वापरकर्त्याच्या नावावरून मिळणार नव्हतं. संगणकाच्या पत्त्यावरून थोडं मिळालं. लेखापरीक्षकांचं यंत्र सांगलीच्या मुख्य कार्यालयात होतं, वसुलीचं कवठेमहांकाळला, आणि जोडणीच्या नोंदीत दोन्ही पत्ते वेगळे दिसत होते. पण सर्व्हर रेड हॅट पठडीच्या लिनक्सवर होता. तिथे पोस्टग्रेसच्या नोंदवह्या वाराच्या नावाने ठेवण्याची मांडणी आयती येते: सोमवारची वही पुढच्या सोमवारी पुसून नव्याने लिहिली जाते. म्हणजे हाती सातच दिवस. त्या सात दिवसांत मुख्य कार्यालयातल्या यंत्रावरून पावत्यांच्या तक्त्यात काहीही लिहिलं गेलं नव्हतं. त्याआधीसाठी दुसरा आधार होता. सॉफ्टवेअर प्रत्येक पावतीबरोबर कर्मचारी क्रमांक साठवत होतं, आणि वसुली अधिकाऱ्यांकडे कागदी पावती पुस्तकं होती. शाखेने स्थळप्रतींवरून वर्षभराची वसुली ताडून दिली. रकमा जुळल्या. लेखापरीक्षकांनी ते मान्य केलं, पण शेऱ्यात लिहायचं ते लिहिलंच, आणि ते योग्यच होतं.

दुरुस्तीचा भाग त्यामानाने कंटाळवाणा. कवठेमहांकाळसाठी वसुली आणि वाचन अशा दोन नव्या भूमिका आखूड नावांनी तयार केल्या, परवानग्या नव्याने आणि वेगवेगळ्या दिल्या. जुनी जोडभूमिका लगेच पुसता आली नाही. तिच्या नावावर परवानग्या शिल्लक असेपर्यंत पोस्टग्रेस ती काढू देत नाही. आधी त्या काढून घेतल्या, मग ती गेली. बाकीच्या भूमिकांची नावं नुसती बदलली. स्क्रॅम असल्यामुळे पासवर्ड शाबूत राहिले. एमडी५ असते तर नाव बदलताच पासवर्ड पुसले गेले असते आणि सगळ्या शाखांना नवे वाटत बसावं लागलं असतं.

खरी चर्चा झाली ती नावं कशी ठेवायची यावर. मी शाखा क्रमांक सुचवला: शाखेचे तीन आकडे आणि भूमिकेची दोन अक्षरं, अधोरेषा आणि सुरुवातीचं एक अक्षर धरून सात. व्यवस्थापकांना ते रुचेना. “आकड्यावरून मला काय कळणार कोणती शाखा ती? गावाचं नाव पाहिजे.” त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. रात्री अकरा वाजता नोंदवही वाचणाऱ्याला गावाचं नाव दिसलं तर बरंच असतं.

संचालकांपैकी एकांनी वेगळीच वाट काढली. नावं देवनागरीत ठेवा, आपसूक आखूड होतील. वरवर पटतं. कवठेमहांकाळ हे आपण लिहितो तेव्हा डोळ्यांना सात अक्षरं दिसतात. पण संगणक ठ वेगळा मोजतो, त्याची मात्रा वेगळी, ह वेगळा, काना वेगळा, अनुस्वार वेगळा. अशी अकरा चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ३३ बाइट, रोमनच्या दुपटीहून जास्त. पोस्टग्रेसच्या ६३ बाइटमध्ये देवनागरीची जेमतेम २१ चिन्हं मावतात. मायएसक्यूएलची मर्यादा चिन्हांत मोजली जाते, बाइटमध्ये नाही. त्यामुळे हेच गाव मायएसक्यूएलच्या जुन्या १६ मध्ये आरामात बसतं आणि ओरॅकलच्या जुन्या ३० मध्ये बसत नाही. आकडा मोठा म्हणजे जागा मोठी, असं धरून चालता येत नाही. शिवाय कुणी ‘कवठे महांकाळ’ असं तोडून लिहितो, कुणी जोडून. लॉगिनमध्ये तो वाद नको.

शेवटी क्रमांकच ठरला, आणि तो ठरायला तांत्रिक मुद्द्यापेक्षा दुसरंच कारण उपयोगी पडलं. कोणीतरी म्हणालं, इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, आता तिथल्या शाखेची लॉगिनं बदलायची का? व्यवस्थापक हसले आणि क्रमांकाला तयार झाले. त्यांची सोय वेगळ्या रीतीने केली. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक भूमिकेला टिपण जोडता येतं, आणि तिथे लांबीची ही अडचण नाही. प्रत्येक भूमिकेला मराठीत पूर्ण टिपण लिहिलं: कोणती शाखा, कशासाठी, कोणाच्या ताब्यात. भूमिकांची सविस्तर यादी मागितली की ते नावाशेजारी दिसतं.

मर्यादा मात्र सोळाच ठेवली आहे. जुना मायएसक्यूएल ५.६ चा सर्व्हर अजून एका कोपऱ्यात चालू आहे, जुन्या वर्षांचे खातेउतारे काढण्यासाठी. त्या आवृत्तीला २०२१ च्या फेब्रुवारीनंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, तो बंद करायला हवा हे सर्वांना मान्य आहे, आणि ‘या वर्षीचं ऑडिट होऊ दे’ हेही सर्वांना मान्य आहे. दोन्हीकडे एकच नाव चालायचं तर जो सर्वांत आखूड, त्याच्या मापाने कापड बेतावं लागतं. बाहेरची मापंही ध्यानात ठेवलेली बरी: लिनक्समध्ये वापरकर्त्याचं नाव ३२ अक्षरांपर्यंत, विंडोज डोमेनच्या जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला २०. उद्या एकच लॉगिन सगळीकडे करायचं म्हटलं तर सातच्या नावाला कुठेच अडचण येणार नाही.

स्क्रिप्टमध्ये तीन बदल करून घेतले. संदेश दडवणारी पहिली ओळ काढली. नाव सोळाच्या वर गेलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. पोस्टग्रेस कापायच्या आधी आपण नकार द्यायचा. आणि ‘आधीच आहे’ ही त्रुटी गिळणं बंद: भूमिका आधीच असेल तर तिचं टिपण वाचायचं, तीच शाखा आणि तेच काम असेल तरच पुढे जायचं, नाहीतर थांबायचं. पुरवठादाराचा तंत्रज्ञ आधी कुरकुरला, म्हणे इतकी वर्षं हीच स्क्रिप्ट चालतेय. मग त्याने त्याच्या दुसऱ्या एका ग्राहकाच्या सर्व्हरवर ६३ बाइटच्या नावांची यादी काढून पाहिली. किती निघाली ते त्याने सांगितलं नाही, पण सुधारलेली स्क्रिप्ट त्याच संध्याकाळी पाठवली.

नोंदवह्या आता वाराऐवजी तारखेच्या नावाने साठतात आणि वर्षभर ठेवायच्या असं ठरलंय. त्यांना लागणारी डिस्क मंजूर झाली आहे. खरेदीची फाइल लेखा विभागात आहे.